शाळेच्या प्लॅनचं भांडण अन् शरणपूर रोडचं प्लॅन प्रिंटिंगचं दुकान

नाशिकच्या शरणपूर रोडला राजीव गांधी भवनाच्या (म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयाच्या) आसपास झेरॉक्सवाले चिक्कार आहेत, हा रिव्ह्यू त्यातल्या एकाच दुकानाचा. नाव टाकत नाहीये कारण मालकच म्हणाला ताई नाव नका टाकू, आधीच गर्दी आवरत नाही. दाराशी मोठा प्लॉटर (नकाशे छापायचं मशीन), मागे भिंतीला टेकवलेले नकाशांचे रोल आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला जेमतेम तीन माणसांची जागा, एवढ्यावरनं ज्याला ओळखायचं तो ओळखेल. चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली येईलच.

आता झेरॉक्सच्या दुकानाचा एवढा मोठा रिव्ह्यू कशाला, तर विषय आमच्या कॉलनीचा आहे. पाथर्डी फाट्याकडे राहतो आम्ही, तिथं बागेला लागून एक रिकामा प्लॉट होता, पोरं क्रिकेट खेळायची, गणपतीला मांडव पडायचा. एके दिवशी पत्रे ठोकले, जेसीबी आला, बोर्ड लागला की अमुक संस्थेच्या शाळेची इमारत होणार, आणि झालं, व्हॉट्सॲप ग्रुपवर महाभारत सुरू. एका पार्टीचं म्हणणं बागेची जागा ढापली, गल्लीत आधीच दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला रिव्हर्स घ्यावी लागते, त्यात पन्नास रिक्षा अन् बस येणार. दुसरी पार्टी म्हणजे ज्यांची लेकरं सकाळी पावणेसातला व्हॅनमध्ये कोंबून इंदिरानगर नाहीतर थेट गंगापूर रोडला जातात, ते म्हणतात शाळा दारात येतेय तर तुमच्या पोटात का दुखतंय. नानांनी (नाना म्हणजे कॉलनीत सगळ्यात आधी बंगला बांधलेले, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा असं त्यांना वाटतं) सह्यांची मोहीम काढली, एका ताईंनी शाळेच्या बाजूनं उलटी मोहीम काढली, आणि काही जणांनी दोन्हीवर सह्या केल्या कारण घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं.

तर नानांचा चार पानी अर्ज घेऊन नाना आणि मी ह्या दुकानात गेलो, दहा कॉप्या काढायच्या होत्या. मालक म्हणजे चाळिशीचा माणूस, आधी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. पानं मशीनमध्ये घालता घालता वाचत होता, मला आधी रागच आला की आमचे कागद हा का वाचतोय. मग म्हणाला, काका हा तक्रार अर्ज आहे की माहितीचा अर्ज? नाना म्हणाले दोन्ही. तो म्हणाला दोन्ही एकात चालत नाही. माहिती अधिकारात महाराष्ट्राचा नियम आहे, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, तुमचं नुसतं 'महोदय' ते 'कळावे' करेपर्यंतच दोनशे होतायत. कारण काय म्हणून माहिती हवी तेही लिहू नका, कलम ६(२) खाली कारण विचारताच येत नाही, आणि तुम्ही तर तीन पानं कारणच लिहिलंय.

मग त्यानं तिथंच एका फाटक्या पॅडवर लिहून दिलं, अमुक गट नंबर, मंजूर बांधकाम नकाशाची प्रत, बांधकाम परवानगीची म्हणजे कमेन्समेंटची प्रत, मंजूर लेआउटची म्हणजे कॉलनीचे प्लॉट-रस्ते पाडलेल्या नकाशाची प्रत, फायरची प्रोव्हिजनल एनओसी म्हणजे अग्निशमनचा तात्पुरता ना-हरकत दाखला. चार ओळी. शेजारी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प मिळतो तो लावा म्हणाला, साध्या पानाला दोन रुपये पडतील, नकाशाचा मोठा कागद असेल तर त्याची जी किंमत ती, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाही आलं तर पहिलं अपील. ह्याचे पैसे घेतले नाहीत. दहा कॉप्यांचे पण घेतले नाहीत कारण काढल्याच नाहीत, म्हणाला रद्दीला कशाला पैसे घालता. नाना तिथं काही बोलले नाहीत पण रिक्षात बसल्यावर म्हणाले, जरा शहाणाच आहे.

उत्तर वेळेत आलं, पेनड्राइव्हवर नकाशे मिळाले, आणि मग खरं दुकानाचं काम सुरू झालं.

इथं एक टिप लिहून ठेवते, कुणाच्या तरी कामाला येईल. बांधकामाचा नकाशा ब्लॅक अँड व्हाइट काढू नका. नवीन बांधकाम लाल रंगात असतं, पाडायचं असेल ते पिवळ्या रेघांनी, साध्या झेरॉक्सला दोन्ही सारखंच राखाडी दिसतं. आमच्या ग्रुपवर जो फोटो फिरत होता तो असाच काळा झालेला होता आणि त्यावरनं एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की बागेतली पाण्याची टाकी पाडणार आहेत. कलर प्रिंट हातात आल्यावर कळलं पिवळं काही नाहीच मुळी, ती टाकी प्लॉटच्या जाड काळ्या हद्दीच्या बाहेर आहे. पंधरा दिवस त्या टाकीवरनं लोकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं!

दुकानवाल्यानं आमचा मंजूर लेआउट आणि शाळेचा नकाशा एकाच स्केलला प्रिंट केला (१:५०० आणि १:१०० चे होते, बाकीचे दुकानवाले 'फिट टू पेज' दाबून मोकळे होतात आणि मग पट्टी लावून काही मोजता येत नाही), काचेवर खालून ट्यूबलाइट लावलेलं टेबल आहे त्यावर एकावर एक ठेवला आणि बोट फिरवत दाखवलं. ही तुमच्या लेआउटची दहा टक्के ओपन स्पेस म्हणजे मोकळी सोडायची जागा, ही बाग, हिला हात लागलेला नाही. हा शेजारचा तुकडा लेआउटमध्ये कधी नव्हताच, ह्याच्यावर २०१७ च्या विकास आराखड्यातच (शहरात कुठल्या जागेवर काय येणार ते ठरवतात तो, डीपी म्हणतात त्याला) शाळेचं आरक्षण पडलेलं आहे. म्हणजे आम्ही ज्याला इतकी वर्षं 'आपलं ग्राउंड' म्हणत होतो ते शाळेसाठीच ठेवलेलं होतं, फक्त शाळा यायला वेळ लागला. झोन दाखला आणि भाग नकाशा (आराखड्यात ही जागा कशासाठी आहे ते दाखवणारे कागद) काढून खात्री करा, माझ्या शब्दावर जाऊ नका, हेही त्यानंच सांगितलं. काढला, तसंच निघालं.

नाना म्हणाले ते सगळं ठीक पण परवानगी देताना आम्हाला विचारलं का नाही, आम्ही शेजारी आहोत. हा प्रश्न कॉलनीत प्रत्येकाच्या तोंडी होता आणि मला वाटतं नाशिकमध्ये जिथं जिथं असं काही येतं तिथं हाच असतो. त्याचं उत्तर मला त्या दुकानात मिळालं, नंतर एका वकील मैत्रिणीला विचारलं तिनंही तेच सांगितलं. एमआरटीपी म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्यात लोकांच्या हरकती घेतात त्या आराखडा बनताना, कलम २६ ला, किंवा आरक्षण बदलायचं असेल तेव्हा कलम ३७ ला. एकदा आरक्षण मंजूर झालं आणि त्यावर तीच वस्तू येतेय, तर बांधकाम परवानगी हे अर्जदार आणि महापालिका ह्यांच्यातलं काम, नियमात बसतंय का एवढंच बघायचं, शेजाऱ्यांची सुनावणी त्यात नाही. कलम ४७ चं अपील असतं तेही ज्यानं परवानगी मागितली त्यालाच. शेजाऱ्याला परवानगीच बेकायदा वाटत असेल तर तक्रार, नाहीतर सरळ मुंबईला हायकोर्ट. हे चांगलं की वाईट? मला विचाराल तर वाईट, निदान एक नोटीस तरी गल्लीत चिकटवावी, पण कायदा आज असा आहे आणि 'आम्हाला विचारलं नाही' ह्या मुद्द्यावर दोनशे सह्या नेऊन काही हलत नाही.

मी म्हटलं मग आता करायचं काय, घरी बसायचं? तर तो नकाशावर परत वाकला आणि पेन्सिलीनं एक जागा दाखवली. गेट. शाळेच्या प्लॉटला दोन बाजूंनी रस्ता आहे, एक मोठा डीपी रोड आणि एक आमची गल्ली, आणि नकाशात मेन गेट काढलंय आमच्या गल्लीत. म्हणाला ताई, शाळा नको म्हणाल तर कुणी ऐकणार नाही, गेट तिकडं घ्या म्हणाल तर ऐकावं लागेल कारण ते सगळ्यांच्याच सोयीचं आहे, शाळेच्या पण, फायरची गाडी पण तुमच्या गल्लीपेक्षा तिकडून सरळ आत जाते. रिक्षा-बस थांबायला प्लॉटच्या आत जागा कुठं ठेवली ते विचारा. स्कूल बसचे २०११ चे नियम आहेत, शाळेला परिवहन समिती करावी लागते, सुटायच्या वेळा पुढंमागं ठेवता येतील का ते त्यांच्याशी बोला.

महिनाभर ग्रुपवर बाग, टाकी, मांडव, सगळ्यावर बोलून झालं होतं. गेटबद्दल एक मेसेज नव्हता.

अजून एक गंमत. आमच्या कोपऱ्यावर पानटपरी आहे, तो भाऊ शाळेच्या विरोधात सगळ्यात पुढं, 'मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे' वगैरे. दुकानवाला हसला. म्हणाला तंबाखूचा २००३ चा कायदा बघा, शाळेपासून १०० यार्डात म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू-सिगारेट विकता येत नाही, त्याला तुमच्या मुलांची नाही गल्ल्याची काळजी आहे. लगेच नाना खूश होऊन म्हणाले म्हणजे समोरच्या लॉन्सचा डीजे पण बंद, शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं ना. तर तेही त्यानं दुरुस्त केलं, २०१७ ला नियम बदललाय, आता सरकारनं तसं जाहीर केल्याशिवाय आपोआप शांतता क्षेत्र होत नाही, मागणी करावी लागेल. नाना आता शाळेच्या बाजूनं झुकलेत ते ह्या डीजेमुळेच असा माझा अंदाज आहे, ते मान्य करणार नाहीत.

ज्यासाठी मी मुद्दाम लिहायला बसले ती गोष्ट ही. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा काउंटरच्या मागं त्या संस्थेच्या नावाचा रोल उभा होता, रबरबँडखाली चिठ्ठी, मला स्पष्ट दिसली. म्हणजे त्यांचा आर्किटेक्ट पण इथंच प्रिंट काढतो. नानांनी लगेच विचारलं, जरा दाखवा की, नवीन काय बदल केलेत. सरळ नाही म्हणाला. काका तुमचा कागद त्यांना दाखवला नाही, त्यांचा तुम्हाला नाही दाखवणार, मंजूर झाला की परत अर्ज करा, मीच प्रिंट काढून देईन. नाना बाहेर येऊन चिडले होते पण मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल खात्री वाटली. दोन्ही पार्ट्यांचे कागद एकाच प्लॉटरमधून निघतात आणि इकडचं तिकडं होत नाही, हे आमच्या कॉलनीच्या कमिटीला जमलेलं नाही, तिथं मीटिंग संपायच्या आत बातमी पलीकडच्या गल्लीत असते.

आता तक्रारी. एक, गर्दी. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे साइट इंजिनिअर एकदम येतात, त्यात हा प्रत्येकाला समजावत बसतो, आम्हाला समजावलं ते गोड लागलं पण मागं उभं असलेल्यांचे चेहरे बघवत नव्हते. बसायला स्टूल नाही, नानांसारख्या माणसाला अर्धा तास उभं ठेवलं. दोन, ऑनलाइन पेमेंटचं स्कॅनर कधी चालतं कधी नाही, सुट्टे ठेवा. तीन, पेनड्राइव्ह त्याच्या कॉम्प्युटरला लावायच्या आधी विचार करा, माझ्यातल्या फोल्डरचे सगळे शॉर्टकट झाले, भाचीनं निस्तरलं. हे तिसरं फार जुनं दुखणं आहे झेरॉक्सवाल्यांचं, एवढा हुशार माणूस एक अँटीव्हायरस टाकू शकत नाही का, एक स्टार त्याचाच कापलाय. मेलवर फाइल पाठवली तर तो प्रश्न येत नाही, तसं आधीच सांगायला हवं होतं त्यानं.

रेट बोर्डावर लिहिलेले आहेत, साधी झेरॉक्स दोन रुपये, मोठ्या कलर प्रिंटला इतरांपेक्षा थोडं जास्त घेतो पण कागद जाड वापरतो, ऊसाच्या कांड्यासारखा रोल कडक राहतो, घरी येईपर्यंत दुमडत नाही. स्केल सांगितलं नाही तरी स्वतः विचारतो.

कॉलनीचं म्हणाल तर नवीन पत्र एक पानी गेलंय, दोन्ही पार्ट्यांच्या सह्या एकाच कागदावर, गेट डीपी रोडला घ्या आणि गाड्या आत थांबवा एवढंच. संस्थेचे लोक एकदा बागेत येऊन बसले, चहा झाला, रिवाइज्ड प्लॅन टाकतो म्हणालेत. टाकला की परत दहा रुपयांचा स्टॅम्प. पानटपरीवाल्या भाऊनं मात्र सही केली नाही, तो म्हणतो गेट कुठंही घ्या मला काय फरक पडणार, आणि ते बरोबरच आहे त्याचं.

दुकान रविवारी बंद, सकाळी अकराच्या आधी गेलात तर मालक निवांत सापडतो. पोऱ्या एकटा असेल तर नुसती झेरॉक्स काढा आणि निघा, नकाशातलं त्याला काही कळत नाही, तरी सांगतो.