चिमट्याचे बुश घरी बदलले, दोनदा

मागच्या फेब्रुवारीत लोअर आर्मचे, म्हणजे आपल्या भाषेत चिमट्याचे, चारही बुश मी घरच्या पार्किंगमध्ये बदलले. चिमटा म्हणजे पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा लोखंडी हात, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा; प्रत्येक चिमट्याला पुढे एक, मागे एक. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो. आळस केला ते बरं झालं. जुलैत पुढचे दोन्ही बुश फाटले.

गाडी बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, तेव्हा ८८,००० किलोमीटरच्या पुढे चाललेली. स्पीडब्रेकर उतरताना खालून 'धड', ब्रेक दाबला की स्टिअरिंग डावीकडे, पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत. त्यात नागपुरात जिकडे जावं तिकडे सिमेंट रोड, आणि प्रत्येक जोडावर टकटक. बायकोला स्टिअरिंगवर बसवलं, एकदा फर्स्ट, एकदा रिव्हर्स टाकून हळूच ब्रेक दाबायला लावला आणि मी लांब बाजूला उभा राहिलो. चाक अख्खं पुढेमागे सरकताना दिसलं, म्हणजे बुश गेलेले. शॉकअप बदलून घ्या म्हणणाऱ्यांनी आधी एवढं तरी करून पाहावं.

वर्कशॉपमध्ये सांगितलं, "बुश वेगळा नाही भेटत साहेब, अख्खा चिमटाच टाकावा लागते." दोन्ही बाजू, मजुरी, अलाइनमेंट धरून ९,४००. बाजारात तोच वेगळा न मिळणारा बुश २२० ला एक. चार घेतले, ८८०. प्रेसवर (दाबयंत्रावर) काढून-बसवून द्यायचे नगाला ६०, म्हणजे २४०. अलाइनमेंट ४५०, सिलिकॉन ग्रीस १६०. एकूण १,७३०. मी महिनाभर हा आकडा भेटेल त्याला सांगत होतो.

काम अवघड नाही, किचकट आहे. घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, गाडी उचलायची, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. बॉल जॉइंटचा, म्हणजे चिमटा चाकाशी जोडणाऱ्या सांध्याचा, बोल्ट बारा वर्षांत गंजलेला, त्यावर आदल्या रात्रीपासून स्प्रे मारून ठेवला होता, तरी दीड तास त्यातच गेला. मागच्या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्यांची दिशा चुकली तर नवा बुशही जुन्यासारखाच वागतो, म्हणून जुना काढायच्या आधी चिमट्यावर खिळ्याने खूण करून ठेवा. नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा म्हणतात, तेही केलं. आईच्या मटारांशेजारी चार बुश. नंतर हिशेब मांडला: ४५ मिमीचं लोखंडी कवच उणे १८ ला नेलं तरी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतकंच आकसतं. काम प्रेसच करतो. घरात बोलणी खायची हौस असेल तरच फ्रीजर.

जूनपर्यंत गाडी मख्खन. मग बारीक करकर सुरू झाली. पावसाळ्याच्या तोंडावर वॉशिंगवाल्याने विचारलं, "भाऊ, खालून ऑइल मारून देऊ का?" मी हो म्हटलं, आणि आठ दिवस करकर बंद. हा खरं तर दुसरा गाढवपणा. गंजाला ऑइल ठीक, पण डिझेल आणि काळं ऑइल रबराला फुगवतं, नरम करतं. रबराला फक्त सिलिकॉन. पण पहिला गाढवपणा अजून मला कळायचा होता.

जुलैत परत 'धड'. चाक काढून टॉर्च मारली तर पुढच्या दोन्ही बुशचं रबर मधल्या नळीपासून अर्धं सुटलेलं. ३,१०० किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. तडक दुकानात गेलो आणि डुप्लिकेट माल विकतो म्हणून दुकानदाराला चार लोकांत बोललो. त्याने शांतपणे दुसरं गिऱ्हाईक पाहिलं. त्याच तावात चिमटे घेऊन प्रेसवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "माल खराब होता, तं मंग मागचे काहून नाही फाटले?"

या प्रश्नाने माझी झोप उडवली. चारही बुश एकाच कंपनीचे, एकाच दुकानातले, एकाच दिवशी बसवलेले, ऑइलही चौघांना सारखंच लागलेलं. फरक एकच. मागच्याचा बोल्ट उभा आहे, पुढच्याचा आडवा.

आडव्या बोल्टच्या बुशमध्ये चिमटा वर-खाली होतो तेव्हा काहीही घासत किंवा फिरत नाही. मधली नळी बोल्टने जागीच आवळलेली, बाहेरचं कवच चिमट्यात ठोकलेलं, मधलं रबर पीळ घेतं आणि सोडतं. आता मी तो बोल्ट कसला कधी? गाडी घोड्यांवर, चाक खाली लोंबतंय, तेव्हा. म्हणजे रबराच्या लेखी ती लोंबती अवस्थाच सरळ. गाडी जमिनीवर आली की उभ्या-उभ्या चोवीस तास पीळ, आणि खड्ड्यात त्यावर आणखी पीळ. मान आखडलेल्या माणसाला रोज पोतं उचलायला लावल्यासारखं. उभ्या बोल्टच्या बुशला हा पीळ बसतच नाही, म्हणून मागचे वाचले.

दुकानदाराकडे पुन्हा गेलो. माफी मागायचं धाडस झालं नाही, दोन बुश घेतले आणि त्याने न मागताच त्याला पाचशेची नोट सुट्टी करून दिली. समजला असेल.

दुसऱ्यांदा काम केलं तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीत. तिकडे महाल-इतवारीत मारबतीच्या मिरवणुकीत "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" चालू, इकडे मी खडखड घेऊन जा म्हणत गाडीखाली. यावेळी चाक काढायच्या आधी, गाडी सपाट जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून भिंतीवर लिहिलं. सगळं जोडलं, पुढचा आडवा बोल्ट हातानेच बसवला. मग बॉल जॉइंटखाली दुसरा जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत चाकाकडची बाजू उचलली आणि तिथे बोल्ट आवळला. पाच मिनिटांचं जास्तीचं काम. मी पाहिलेल्या कुठल्याच व्हिडिओत कोणी हे बोललं नव्हतं, याचा राग अजून आहे.

दुसऱ्या वेळचा खर्च: बुश ४४०, प्रेस १२०, अलाइनमेंट परत ४५०. म्हणजे दोन्ही वेळचे मिळून २,७४०. बायको यात २,६०० चा टॉर्क पानाही (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) धरते. धरला तरी ५,३४० होतात, ९,४०० नाही.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश सुचवणारे भेटतील. त्यांची नळी आत फिरते, त्यामुळे पिळाचा हा लफडाच नाही. पण ते महाग आहेत, दणका जास्त आत येऊ देतात आणि ग्रीस सुकलं की करकरतात. करकर मला चालत नाही.

आता ९५,९०० झालेत, दुसऱ्यांदा बसवल्यापासून सुमारे ४,०००, त्यात समृद्धीवरून शिर्डीची एक फेरी. ब्रेकला गाडी सरळ राहते, टायर सगळीकडून सारखा झिजतोय. परवा टॉर्च मारून पाहिलं, पुढच्या बुशला चीर नाही. डावीकडच्या मागच्याला केसाएवढी रेघ दिसते, तो फेब्रुवारीतलाच ऑइल प्यायलेला आहे. खडूने तारीख टाकून ठेवली आहे. पावसाळ्याआधी परत बघेन.