पैसे घेताना जमिनीतली ओल, पैसे मागितल्यावर आमच्या कुकरची वाफ

इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. थंडी सुरू झाली की 'ओलीची तपासणी मोफत' अशी पत्रकं दारात पडायला लागतात. आमच्या त्या मोफत तपासणीचे शेवटी ४,६०० पौंड झाले, आणि पुढच्या जानेवारीत खिडक्यांच्या काचा होत्या तशाच आतून ओथंबत होत्या.

घर रेडिंगला, १९३०च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड. आधीच्या मालकाने लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या घट्ट डबल ग्लेझिंगवाल्या बसवल्या होत्या. नोव्हेंबरपासून रोज सकाळी बेडरूमच्या काचा आतून ओथंबलेल्या. पाणी खालच्या रबरात साचायचं, तिथून सिलवर, सिलवरून भिंतीवर. खिडकीखालचं प्लास्टर मऊ पडलं होतं आणि छताशी कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती. कोकणात वाढलेल्या माणसाला भिंतीला ओल म्हटलं की एवढंच सुचतं की पाणी बाहेरून येतंय. कौल सरकलंय, पाइप फुटलाय, पावसाचा मारा बसतोय. हिवाळ्यात बंद घरात पाणी आतूनच तयार होतं, हे आपल्या अनुभवात बसत नाही. असल्या लोकांचा धंदा इथेच जमतो.

आलेल्या माणसाच्या कार्डावर 'सर्व्हेअर' लिहिलं होतं. या देशात हा शब्द कोणीही लावू शकतो, 'चार्टर्ड सर्व्हेअर' (व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेला) मात्र नाही. माणूस अतिशय नम्र. दारात बूट काढले, त्यामुळे सासूबाई तर पहिल्या मिनिटालाच खूश. मग त्याने खिशातून दोन टोकदार पिनांचं छोटं यंत्र काढलं आणि खिडकीखालच्या भिंतीत टेकवलं. लाल दिवा, जोरात बीप. शेजारची भिंत, पुन्हा बीप. प्रत्येक बीपनंतर तो काही न बोलता मान हलवायचा. हा अभिनय त्याला छान जमत होता.

ते यंत्र भिंतीतलं पाणी मोजत नाही. दोन पिनांमधून वीज किती सहज जाते तेवढंच दाखवतं, आणि त्याची मोजपट्टी लाकडासाठी बनवलेली असते. प्लास्टरवर क्षार असले किंवा पृष्ठभाग नुसता दमट असला तरी दिवा लाल होतो. रात्रभर काचेवरून पाणी ओघळलेल्या भिंतीवर भल्या सकाळी ते टेकवलं तर दुसरं काय होणार?

निदान ठरलेलंच होतं: रायझिंग डॅम्प. म्हणजे जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतंय. उपाय असा की भिंतीला खालच्या अंगाला ओळीने भोकं पाडून रसायन भरायचं, मीटरभर उंचीपर्यंतचं प्लास्टर खरवडून सिमेंटचं नवं करायचं. शिवाय बागेकडच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून धुकं दिसलं तेव्हा 'सील (दोन काचांमधली जागा हवाबंद ठेवणारी कड) गेलंय' म्हणून सगळ्या खिडक्या बदलायचा सल्ला. तेवढे पैसे नव्हते म्हणून ते टळलं.

भाव ७,२०० पौंड. मग मॅनेजरला फोन, आमच्यासमोरच थोडी अजिजी, आणि 'आज सही केलीत तर ४,६००'. फॉर्मवर एका चौकोनात त्याने आधीच खूण करून ठेवली होती: काम लगेच सुरू करावं, ही ग्राहकाची विनंती. तो चौकोन नीट समजून घ्या. घरी येऊन केलेला करार २०१३च्या नियमांनुसार १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. पण त्या मुदतीतच काम सुरू करा असं तुम्ही लेखी सांगितलंत, तर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात आणि पूर्ण झालेलं काम रद्द होत नाही. त्यांची माणसं त्याच आठवड्यात ड्रिल घेऊन हजर झाली, ती यासाठी. घरभर धूळ झाली, आणि जाताना हातात २० वर्षांच्या गॅरंटीचा चकचकीत कागद.

पुढच्या हिवाळ्यात काचा पुन्हा वाहायला लागल्या, बुरशीही परतली. तक्रार केली तर दुसराच माणूस आला, फोटो काढून गेला, आणि मागाहून पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की हे रायझिंग डॅम्प नसून कंडेन्सेशन (घरातल्या हवेतली वाफ थंड जागी पाणी होऊन जमणं) आहे, तुमच्या राहणीमुळे होतंय, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे ही कारणं आहेत, सबब गॅरंटी लागू नाही. तीच कंपनी, तीच भिंत! पैसे घेताना पाणी जमिनीतून येत होतं, परत मागितल्यावर ते आमच्या कुकरमधून यायला लागलं. चीड याची की दुसरं निदान बरोबर होतं. फक्त ते ४,६०० पौंड घ्यायच्या आधी सांगायचं होतं.

मग फी देऊन एका चार्टर्ड सर्व्हेअरला बोलावलं, जो स्वतः कुठलंच काम विकत नाही. त्याने आधी खोलीचं तापमान आणि हवेतली आर्द्रता मोजली. हिशेब सोपा आहे. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी जमतं. थंडीच्या रात्री काचेची खालची कड, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची जागा सहज त्याखाली जाते. दार बंद, हीटिंग बंद, आत रात्रभर श्वास सोडणारी दोन माणसं.

रायझिंग डॅम्प असताच, तर तो क्वचितच मीटरभराच्या वर जातो आणि भिंतीवर क्षारांची पांढरी रेघ सोडतो. अशा खारट भिंतीवर काळी बुरशी सहसा धरत नाही. आमची बुरशी छताशी होती! शिवाय त्या काळातल्या घरांना बांधतानाच ओलरोधक थर घातलेला असतो. आमच्या विटांमध्ये ती काळी पट्टी बाहेरून दिसतेसुद्धा, आणि यांनी भोकं पाडली ती बरोबर तिच्या वर.

काचेचं पाणी नेमकं कुठे आहे हे आधी बघा. आतल्या बाजूला असेल तर घरातल्या हवेत वाफ जास्त आहे. दोन काचांच्या मध्ये, जिथे फडकं पोचतच नाही, तिथे असेल तरच सील गेलंय, आणि तेव्हाही बहुतेक वेळा नुसतं काचेचं युनिट बदलून भागतं, चौकट काढावी लागत नाही. बाहेरून असेल आणि ऊन वर आल्यावर जात असेल, तर काच चांगली आहे: घरातली ऊब बाहेर जात नाही म्हणून बाहेरची बाजू थंड राहते. आमच्या चांगल्या काचा तो माणूस खराब म्हणून काढायला निघाला होता. भिंतीची शंका असेल तर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून काही दिवस ठेवा. खोलीच्या बाजूने ओला झाला तर कंडेन्सेशन, भिंतीच्या बाजूने ओला झाला तर ओल भिंतीतली.

आमच्याकडे खरा फरक पडला तो काही शे पौंडांत. खिडक्यांच्या चौकटीत हवेच्या बारीक झडपा बसवल्या, ज्यांना इथे ट्रिकल व्हेंट म्हणतात. २०२२पासून इंग्लंडच्या बांधकाम नियमांत खिडक्या बदलताना हवा खेळती राहण्यावर भर आहे, कारण घट्ट नव्या खिडक्यांनी हाच त्रास वाढतो. बाथरूमचा मरतुकडा पंखा काढून सेकंदाला १५ लिटर हवा ओढणारा लावला. स्वयंपाकघरातलं हूड नुसतं फिल्टरमधून हवा फिरवत होतं, त्याला पाइप जोडून हवा घराबाहेर सोडली. आता पहिल्या शिट्टीआधी हूड सुरू होतं आणि जेवायला बसेपर्यंत चालू राहतं. पातेल्यावर झाकण, हे तर आईचं जुनंच म्हणणं.

सगळ्यात मोठा गुन्हेगार रेडिएटरवरचे कपडे निघाले. एका मशीनच्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी घरातल्या हवेत जातं. ते आता बाथरूममध्ये, दार बंद, पंखा चालू. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. हीटिंग सकाळ-संध्याकाळ भडकवण्यापेक्षा मंद पण जास्त वेळ ठेवतो. डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र) घेणार असाल तर कॉम्प्रेसरचा की डेसिकंट (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा) ते विचारा. कॉम्प्रेसरचा १५ अंशांखाली मंदावतो, थंड खोलीला डेसिकंट बरा. कडाक्याच्या दिवशी काचेच्या खालच्या कडेला अजूनही पाण्याची रेघ येते. ती फडक्याने पुसायची, त्याला कोणीही काहीही विकत घेऊ नये.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीची रक्कम क्रेडिट कार्डने गेली होती, ते कामी आलं. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याचं कलम ७५ म्हणतं की १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत विक्रेत्याने फसवलं तर कार्ड देणारी बँकही जबाबदार, आणि थोडाच भाग कार्डने दिला असला तरी पूर्ण रकमेसाठी. बँकेला सर्व्हेअरचा अहवाल पाठवला, पण सगळ्यात चालला तो पुरावा म्हणजे 'रायझिंग डॅम्प नाही' असं लिहिलेलं कंपनीचं स्वतःचं पत्र. बरीच पत्रापत्री झाल्यावर ४,६०० परत मिळाले; रंगकाम आणि सर्व्हेअरची फी आमच्या बोकांडी. बँक नाही म्हणाली किंवा आठ आठवड्यांत उत्तर आलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) फुकट जाता येतं. सिटिझन्स अॅडव्हाइसच्या ग्राहक हेल्पलाइनलाही कळवा. ट्रेडिंग स्टँडर्ड्सपर्यंत (फसव्या व्यापाऱ्यांवर कारवाई करणारं स्थानिक सरकारी खातं) तक्रार तिथूनच पोचते.

त्या २० वर्षांच्या गॅरंटीचं असं झालं की ती देणारी कंपनी स्वतःच जेमतेम दोन वर्षांची होती आणि आता बंद झालीय. तोच संचालक दुसऱ्या नावाने नवी कंपनी चालवतोय. हे सगळं कंपनीज हाऊसच्या (कंपन्यांची सरकारी नोंदणी ठेवणारं कार्यालय) साइटवर फुकट दिसतं. सही करायच्या आधी तिथे नाव टाकून बघा, आणि गॅरंटीला विम्याचं पाठबळ आहे का ते विचारा. 'आहे' म्हणाला, तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी लेखी मागा.