अंबडमधील रेडिएटरवाला : कोंडीत तापणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी घेतलेल्या सेवेचा आढावा

महामार्गावर जी गाडी तासन्‌तास थंड राहते तीच नाशिकच्या द्वारका चौकातील कोंडीत तापू लागली, की बहुतेक गॅरेजांतून मिळणारी उत्तरे ठरलेली असतात : थर्मोस्टॅट (तापमानानुसार रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाका, पंखा डायरेक्ट करा, म्हणजे सतत फिरता ठेवा, नाहीतर मोठा रेडिएटर बसवा. अंबड औद्योगिक वसाहतीतील ज्या दुकानाविषयी हे लिहीत आहे त्याने या तिन्ही गोष्टींना नकार दिला, आणि माझ्या मते त्याची शिफारस करण्याचे पहिले कारण हेच आहे. दुकानावर पाटी नाही. त्यांचा मुख्य धंदा ट्रक आणि जेसीबी यांचे रेडिएटर उघडून रॉडिंग (सळीने आतल्या नळ्या साफ) करण्याचा आहे. दोन आसनी, बुटकी, परदेशी गाडी तिथे नेणे अनेकांना धाडसाचे वाटेल. परंतु दिवसभर खाणीत आणि घाटात तापणाऱ्या यंत्रांचे पाणी ज्यांनी सांभाळले आहे त्यांना उष्णतेचे गणित चकचकीत शोरूमपेक्षा अधिक पक्के ठाऊक असते, असे माझे मत झाले आहे.

गाडीची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इंजिन आसनांच्या मागे आहे आणि दोन रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत, प्रत्येकाच्या पुढे एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी). त्यामुळे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गाडीच्या पोटाखालून लांब नळ्यांतून पुढे येते आणि परत मागे जाते. साध्या हॅचबॅकमध्ये जिथे पाच-सहा लिटर कूलंट पुरते तिथे या गाडीला वीस लिटरच्या आसपास लागते. एवढ्या पाण्याचा एक फायदा असतो, ते उशिरा तापते. तोटा असा, की एकदा तापले की कोंडीत लवकर उतरत नाही. (पोर्शने आपली ९११ ही गाडी १९९८ पर्यंत हवेने थंड होणाऱ्या इंजिनासह का विकली आणि मग ती पद्धत का सोडली, हा वाद रसिकांनी पुन्हा पुन्हा घालावा, कडक उन्हात सिग्नलला उभे राहणाऱ्याला पाणीच बरे.)

या दुकानाच्या मिस्त्रींनी गाडी पाहण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला : “उभी असताना तापते, की चढावर?” या प्रश्नातच निदानाचा निम्मा भाग आहे. कसारा घाट चढताना इंजिन भरपूर उष्णता टाकते, पण समोरून वारा मिळत असतो; तिथे गाडी तापत असेल तर कोअर (रेडिएटरची नळ्या-पत्र्यांची जाळी) आतून चोंदलेले असणे, पंपाची पाती झिजलेली असणे किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे, असे दोष शोधावे लागतात. उभ्या गाडीत इंजिनाची उष्णता त्या मानाने कमी असते, मात्र वारा शून्य असतो आणि सगळी भिस्त पंख्यावर येते. त्यात पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप आयडलवर (इंजिन नुसते चालू असताना) मंद फिरतो, एसीचा कंडेन्सर आपली उष्णता रेडिएटरच्या तोंडावरच टाकतो, आणि बंपरखालून बाहेर पडलेली गरम हवा, वाटा उघड्या असतील तर, वळसा घालून पुन्हा पुढूनच आत ओढली जाते. कोंडीत तापणाऱ्या गाडीचा प्रश्न बहुतांशी पाण्याचा नसून हवेचा असतो, हे सूत्र धरूनच त्यांनी पुढची तपासणी केली.

ती तपासणी सविस्तर सांगण्यासारखी आहे. गाडी सुरू करून एसी लावला आणि वर्तमानपत्राचे एक पान आधी डाव्या, मग उजव्या झरोक्यासमोर धरले. डावीकडे पान जाळीला घट्ट चिकटले. उजवीकडे ते क्षणभर थरथरले आणि खाली पडले. कोणतेही महागडे यंत्र न वापरता दोष कोणत्या बाजूला आहे हे इथे अर्ध्या मिनिटात दिसले. बंपर उतरवल्यावर दोन गोष्टी आढळल्या. उजव्या पंख्याचा मंद वेग बंद पडला होता, कारण त्याचा रेझिस्टर (वीज रोखून पंखा मंद ठेवणारा भाग) जळलेला होता. जोराचा वेग मात्र चालू असल्याने पंखा फिरतो असे वरवर पाहणाऱ्याला वाटत राहिले असते. दुसरी गोष्ट अधिक बोलकी होती. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधील फटीत सुकी पाने, मातीचा थर आणि प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा दडपून बसला होता, आणि दोहोंच्या कडेला जी स्पंजची पट्टी असायला हवी ती मुळातच नव्हती. पूर्वी एका गॅरेजमध्ये बंपरचे काम झाले होते, तेव्हा ती पुन्हा बसवलीच गेली नव्हती. ही पट्टी दिसायला क्षुल्लक असते, परंतु ती नसेल तर पंखा कोअरमधून हवा ओढण्याऐवजी कडेच्या फटीतून सोपी वाट काढतो आणि रेडिएटरला वारा लागतच नाही.

तरीही त्यांनी तेवढ्यावर भागवले नाही. कूलंटच्या टाकीच्या झाकणाची दाब-चाचणी घेतली आणि टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरून, ज्वलनातील वायू कूलंटमध्ये शिरतो का, हेही पाहिले. तो शिरत असेल तर द्रव पिवळा पडतो आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधील सांधा बंद ठेवणारी पट्टी) गेल्याचे समजते. द्रव निळाच राहिला. झाकणाविषयी त्यांनी दिलेले स्पष्टीकरण प्रत्येक वाहनमालकाने ऐकावे असे आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने इथे उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, तर आधुनिक इंजिने ९० ते १०५ अंशांवर चालण्यासाठीच बनवलेली असतात. कूलंट आणि पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण, वर सुमारे एक बारचा दाब धरणारे झाकण, असे दोन्ही असेल तर उकळबिंदू १२५ अंशांपलीकडे जातो. झाकणाचे रबर सैल पडले की ही सगळी राखीव जागा नाहीशी होते. याच दाबामुळे इंजिन गरम असताना हे झाकण उघडणे जीवावर बेतू शकते, हेही त्यांनी बजावले.

थर्मोस्टॅट काढण्यास त्यांनी नकार का दिला, याचे कारणही पटणारे होते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाटही बंद करतो; तो काढला की कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरत राहतो, म्हणजे गाडी कोंडीत आणखी तापू शकते आणि महामार्गावर मात्र गरजेपेक्षा थंड राहून पेट्रोल अधिक पिते. पंखा डायरेक्ट केल्याने मूळ दोष झाकला जातो आणि मोटर अकाली झिजते.

प्रत्यक्ष काम असे झाले : दोन्ही कंडेन्सर पुढे सरकवून कोअर मागून पुढे, हलक्या दाबाच्या पाण्याने धुतले, कारण जोराच्या फवाऱ्याने ॲल्युमिनियमचे पत्रे आडवे होतात, उजव्या पंख्याचा रेझिस्टर बदलला, स्पंजच्या पट्ट्या नव्याने कापून बसवल्या, जुने कूलंट पूर्ण काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे भरले. बोअरवेलचे पाणी त्यांनी कटाक्षाने टाळले आणि डिमिनरलाइज्ड पाणी वापरले, हे या भागातील जड पाणी पाहता योग्यच आहे. कूलंट भरताना आधी निर्वात पंपाने नळ्यांतील हवा खेचून घेतली. इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे असलेल्या गाडीत हवेचा बुडबुडा अडकला तर बाकीचे सारे काम व्यर्थ जाते, त्यामुळे ट्रकच्या दुकानात हे उपकरण पाहून मला समाधान वाटले.

परिणाम मी डॅशबोर्डवरील काट्यावरून सांगत नाही. बहुतेक गाड्यांत हा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. तापमान ८५ असो वा १०५, तो मध्यावरच उभा दिसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातील आकडे वाचण्याच्या जोडणीला) स्वस्त रीडर लावून मोबाइलवर आकडा पाहिला, तर आधी एसी चालू असताना कोंडीत तापमान १११ पर्यंत चढत असे, मग जोराचा पंखा सुटून ते खाली येई आणि पुन्हा चढे. दुरुस्तीनंतर त्याच चौकात, तशाच दुपारी, आकडा ९७ ते १०१ च्या दरम्यान राहतो आणि सिग्नलला एसी गरम हवा टाकत नाही. खरे तर एसीची ही तक्रार हेच या दोषाचे पहिले लक्षण होते, कारण कंडेन्सरलाही तोच वारा लागतो.

उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. सांगितलेल्या मुदतीपेक्षा काम बरेच लांबले, कारण रेझिस्टर मुंबईहून यायचा होता आणि तो उशिरा आल्याचे मला स्वतः फोन करून विचारावे लागले. बसायला सावली नाही. बंपरचा एक स्क्रू मूळचा न बसवता दुसराच बसवला होता. दाखवल्यावर लगेच बदलून दिला, पण दाखवावा लागला. बिल ₹१७,८०० झाले, त्यात कूलंटचा वाटा मोठा होता. मोठा ॲल्युमिनियम रेडिएटर विकून याच्या कित्येक पट घेता आले असते, हे लक्षात घेता मला ते रास्त वाटते.

हे दुकान सर्वांसाठी नाही. टर्बो गाड्यांतील इंटरकूलरचे स्वतंत्र पाणी, इलेक्ट्रिक पंप, किंवा संगणकातून पंख्याचे तापमान बदलणे, असे काम आले तर ते स्वतःच हात वर करतात आणि कंपनीच्या केंद्राकडे पाठवतात. वॉरंटीतील गाडी तर इथे नेऊच नये. दुकानासमोरचा रस्ता उखडलेला आहे. बुटक्या गाडीची हनुवटी घासू नये म्हणून ते दोन फळ्या टाकून देतात, परंतु त्यासाठी निघण्यापूर्वी फोन करावा आणि शक्यतो सकाळी लवकर पोहोचावे, कारण नंतर दारात ट्रक लागतात आणि गाडी आत घ्यायला जागा उरत नाही.