पार्टिशन असलेला चार फुटी टँक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानातून चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकाच उंच माशांचा टँक मधल्या पार्टिशनसह बनवून घेतला. आमच्याकडे एक फ्लॉवरहॉर्न आणि एक ऑस्कर आहे. दोन्ही मासे सिक्लिड या भांडखोर कुळातले, त्यामुळे एका पाण्यात मोकळे सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

काच आणि जोडकाम उत्तम आहे. सुमारे अडीचशे लिटर पाणी, म्हणजे अडीचशे किलो वजन पेलूनही स्टँड हललेला नाही. पार्टिशनने मात्र निराशा केली. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तो पत्रा केवळ सक्शन कपांवर उभा होता. तिसऱ्या रात्री फ्लॉवरहॉर्नने कपाळाने रेटून खालचा कोपरा सोडवला आणि सकाळी ऑस्करची शेपटी दोन ठिकाणी फाटलेली दिसली. तक्रार करताच दुकानदाराने टँक रिकामा करून काचेच्या खाचा सिलिकॉनने चिकटवून दिल्या व दुधी पत्रा बसवला. सिलिकॉन वाळेपर्यंत मासे दोन वेगळ्या टबांत ठेवावे लागले, पण एकमेकांना पाहून दिवसभर चालणाऱ्या धडका त्यानंतर थांबल्या.

सोबत दिलेल्या 300 वॉटच्या हीटरला जाळीचे आवरण नव्हते. असे मासे हीटरवर थेट आपटतात, आणि त्याची काच तडकली तर पाण्यात वीज उतरू शकते. म्हणून आवरण वेगळे घेतले, त्या बोर्डाला ईएलसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी स्विच बंद करण्याचा नियम घरात केला.

काचेच्या झाकणामुळे मासा बाहेर उडी मारत नाही, पण मे महिन्यात वाफ कोंडून पाणी तापू लागले. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत जाळी बसवून वर छोटा पंखा लावल्यावर ते आटोक्यात आले. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय कूलरसारखाच चालतो. पावसाळी दमट हवेत त्याचा उपयोग फारसा होत नाही.

अर्धा टँक हा वाढत्या माशापुरताच पुरेसा आहे. ऑस्कर फूटभर वाढतो, हे विक्रीच्या वेळीच सांगायला हवे होते. ‘मोठा झाला की फुटाळा तलावात सोडा’ हा दुसऱ्या एका ग्राहकाचा सल्ला तर ऐकण्याजोगाही नव्हता. पुढचा टँक मी याच दुकानातून घेईन, पण पार्टिशनशिवाय.