मालवणात सकाळी सहा-वीसला कॉलेज बास्केटबॉलची फायनल : घावणे एक नंबर, खुर्च्या बेकार

हॉटेलचं नाव टाकत नाहीये कारण मालकानेच सांगितलंय टाकू नका म्हणून, आधीच जागा पुरत नाही. पण मालवणातल्या माणसाला कळेल, बाजारपेठेतून मेढ्याकडे जाताना ते कौलारू नाश्त्याचं हॉटेल, ज्याच्या पडवीत बास्केटबॉलची गंजलेली रिंग ठोकलीय आणि त्यात सध्या नारळ ठेवतात, ते.

तर इथे अमेरिकेतल्या कॉलेजांची, म्हणजे एनसीएएची पुरुषांची बास्केटबॉल फायनल दाखवतात. तिकडे सोमवारी रात्री असते, आपल्याकडे मंगळवारची सकाळ. २०२५ ला ती ८ एप्रिलला होती. हॉटेल तसंही पहाटेच उघडतं कारण बंदरावरचा लिलाव आटपून माणसं चहाला येतात, त्यामुळे भाऊंना (मालक, सगळे भाऊच म्हणतात) वेगळं काय करावं लागत नाही, लॅपटॉप टीव्हीला जोडला की झालं.

आता जे खरं सांगायचंय ते सांगतो. पुरुषांची कॉलेजची मॅच २० मिनिटांच्या दोन हाफची असते, एनबीएसारखे (तिकडची व्यावसायिक लीग) चार क्वार्टर नाहीत, आणि प्रत्येक हाफमध्ये घड्याळात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की त्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबेल तेव्हा टीव्हीवाल्यांचा टाइमआउट. नुसत्या जाहिराती. वर कोचचे टाइमआउट वेगळे. घरी एकट्याने बघताना या प्रकाराने डोकं फिरतं, ४० मिनिटांच्या मॅचला दोन तासांच्या वर जातात आणि शेवटची दोन मिनिटं तर संपता संपत नाहीत. भाऊंनी सगळी सर्व्हिस याच टाइमआउटांवर बसवलीय! खेळ चालू असताना एक माणूस टीव्हीसमोरून जाणार नाही, ऑर्डर घेणार नाही, भांडं वाजणार नाही. आणि शिट्टी वाजून जाहिरात लागली रे लागली की आतून वहिनी तव्यावरचे घावणे सोडतात, पोरगा चार टेबलं फिरतो, चहा येतो, रिकाम्या बशा जातात आणि खेळ सुरू व्हायच्या आत पोरगा परत दाराशी उभा. एवढी शिस्तीची सर्व्हिस मी मुंबईच्या स्पोर्ट्स बारमध्ये बघितलेली नाही, तिथे नेमका बास्केट पडताना वेटर बिल घेऊन समोर येतो.

खाणं. घावणे ओल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर, पातळ, जाळीदार, काठ कुरकुरीत, गरमच येतात. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी हाफटाइमला घ्या, कारण ती निवांत खायची गोष्ट आहे आणि फायनलचा हाफटाइम चांगला लांब असतो. गोड खापरोळ्या फक्त सांगून ठेवल्या तरच मिळतात. चहा जरा जास्तच गोड, कमी साखर सांगून काही फरक पडत नाही. बिल नेहमीच्या रेटने, मॅच आहे म्हणून एक रुपया जास्त लावत नाहीत.

मॅचबद्दल बोललंच पाहिजे, कारण असली मॅच मिळाली तर खुर्चीचं दुःख विसरायला होतं. सॅन अँटोनिओला फ्लोरिडा विरुद्ध ह्यूस्टन. ह्यूस्टनचा डिफेन्स असला की समोरच्याला श्वास घेऊ देत नाहीत, फ्लोरिडाचा मेन प्लेअर वॉल्टर क्लेटन, ज्याने सेमीफायनलला ऑबर्नला ३४ पॉइंट ठोकलेले, तो पहिल्या हाफमध्ये शून्यावर! हाफटाइमला ३१-२८ ह्यूस्टन, मग लीड १२ वर गेली आणि अर्धं हॉटेल बिल मागायला लागलं. भाऊ म्हणाले बसा, ह्यूस्टनचं फायनलशी जमत नाही, १९८३ ला ओलाजुवान आणि ड्रेक्सलर असून हरले, ८४ ला परत हरले. आणि तसंच झालं की. फ्लोरिडा हळूहळू वर आली, शेवटच्या मिनिटात पुढे गेली, ६५-६३, ह्यूस्टनकडे बॉल आणि १९ सेकंद.

मग तो प्रकार. ह्यूस्टनचा शार्प थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारायला उडाला, क्लेटन धावत त्याच्यावर आला, शार्पला हवेतच कळलं की हा ब्लॉक होणार, म्हणून त्याने बॉल खाली सोडून दिला. आता खाली आल्यावर त्यानेच आधी हात लावला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल घेऊन चालल्याचा नियमभंग. त्यामुळे बॉल समोर टप्पे खातोय आणि हा बाजूला नुसता बघतोय. मागच्या टेबलवरचे लिलावावरून आलेले आजोबा उभे राहून ओरडले, "अरे मेल्या, उचल मरे तो! हात लावलो तर शॉक बसतलो काय?" तोपर्यंत फ्लोरिडाच्या कॉन्डनने बॉलवर उडी मारली आणि खेळ खल्लास, ह्यूस्टनला शॉटच मारता आला नाही. आजोबांना ट्रॅव्हलिंगचा नियम समजावण्यात पुढची दहा मिनिटं गेली, त्यांना तो पटलेला नाही.

भिंतीवर चार्टपेपरवर ६८ टीमचा ड्रॉ लावलेला असतो, मार्चमध्ये जो तो आपापले अंदाज भरतो, पैशाचा मामला नाही, जिंकणाऱ्याला फुकट नाश्ता. सुरुवातीच्या चार पात्रता मॅच सोडल्या तर उरतात ६३, ते सगळे अंदाज बरोबर आलेला माणूस जगात अजून कुणी सापडलेला नाही त्यामुळे टेन्शन न घेता भरा. २०२५ ला चार्टला मजा कमी होती, चारही पहिल्या सीडच्या (म्हणजे आपापल्या गटात पहिलं मानांकन असलेल्या) टीम सेमीफायनलला, असं याआधी फक्त २००८ ला झालंय. २०१८ ला सोळाव्या सीडच्या यूएमबीसी नावाच्या कॉलेजने पहिल्या सीडच्या व्हर्जिनियाला वीस पॉइंटने उडवलं होतं तसलं काही या खेपेला घडलं नाही, आणि नवीन माणसाला स्पर्धेचं वेड लागतं ते तसल्या मॅचमुळेच.

आता तक्रारी. प्लास्टिकच्या खुर्च्या, पाठ टेकली की मागे वाकतात, दोन तास बसायच्या नाहीत, घरून उशी नेली तर कुणी हसत नाही. टीव्ही एका भिंतीला उंचावर, खांबामागच्या दोन टेबलांना स्कोअरच दिसत नाही, ती टाळा. दुसऱ्या हाफमध्ये ऐन रंगात स्ट्रीम गोल गोल फिरत बसला आणि सगळ्यांनी मोबाइल काढले, मग मोबाइलवरचा स्कोअर टीव्हीच्या पुढे, एकाने "गेला गेला" केलं की बाकीच्यांचा मूड जातो. भाऊंनी मोबाइल उलटे ठेवायचा नियम केला पाहिजे. सेमीफायनल दोन असतात, इथे दुसरीच दाखवतात, पहिली पहाटे पावणेचारच्या आसपास असते तेव्हा शटर बंद, ते समजू शकतो. पण बायकांची फायनल रात्री साडेबाराला होती, त्या दिवशी चार जण विचारून गेले तरी उघडलं नाही. कनेक्टिकटने साउथ कॅरोलिनाला ८२-५९ ने धुतलं, ती आम्ही घरी मोबाइलवर बघितली. वहिनींना स्वतःला बघायची होती असं कानावर आलंय, त्यामुळे पुढच्या वर्षी होईल अशी आशा आहे.

२०२६ ची फायनल इंडियानापोलिसला, एप्रिलमध्येच. कुडाळ-कणकवलीहून येणाऱ्यांनी सहाच्या आत पोचा, गाडी गल्लीत घालू नका, मासळीचे टेम्पो निघायची वेळ तीच असते आणि मग हॉर्नमुळे पहिला हाफ गाडी हलवण्यात जातो. साडेचार स्टार देतो, अर्धा खुर्च्यांचा कापला.