क्रिप्टोचे ॲप : सोय उत्तम, मुद्दलाची हमी नाही

मोबाइलवरून क्रिप्टोची, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांची (‘नाण्यांची’), खरेदी-विक्री करता येणारे एक भारतीय ॲप मी गेले दीड वर्ष वापरत आहे. त्याचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढील बऱ्याच बाबी या व्यवसायातील इतर ॲपनाही लागू पडतात.

पॅन आणि आधारची पडताळणी अर्ध्या तासात झाली, पैसे भरणे तर त्याहून सोपे. धोक्याची सूचना मात्र पडद्याच्या अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत आहे. चष्मा लावूनही ती वाचायला मला फोन डोळ्यांजवळ न्यावा लागला. त्याच पडद्यावर वर एका योजनेच्या परताव्याचा आकडा ‘वार्षिक १२ टक्के’ असा ठळक हिरव्या अक्षरांत झळकतो. पुण्याशी जवळचा संबंध असलेल्या गेनबिटकॉइन या क्रिप्टो-फसवणुकीच्या प्रकरणात दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवले गेले होते, हे ज्यांच्या लक्षात आहे त्यांना असा ठरावीक आकडा पाहून आनंदाऐवजी शंका यायला हवी. मी ॲपच्या त्या १२ टक्क्यांच्या योजनेच्या वाटेला गेलो नाही.

बुडाले तरी घरखर्चाला झळ बसणार नाही, अशी २०,००० रुपयांची रक्कम मी बाजूला काढली होती. त्यातून १२,००० चे बिटकॉइन आणि ८,००० चे एक लहानसे, फारसे कुणाला माहीत नसलेले नाणे घेतले. एकाच आर्थिक वर्षात दोन्ही विकली, तेव्हा बिटकॉइनचे १५,००० आले आणि लहान नाण्याचे अवघे २,६००. म्हणजे एकूण तोटा २,४०० रुपयांचा. तरीही १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नसल्यामुळे, ३,००० रुपयांच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, असे ९३६ रुपये भरावे लागले. विक्रीच्या संपूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस कापला गेला, तो वेगळा. विवरणपत्रात त्याची वजावट मिळाली. हा हिशेब खरेदीपूर्वी दाखवण्याची सोय ॲपमध्ये नाही, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे.

दुसरा प्रश्न आपली नाणी नेमकी कुणाच्या ताब्यात असतात, हा. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते आणि डीमॅट खात्यातील समभाग डिपॉझिटरीत आपल्या नावावर असतात. येथे मात्र नाणी हलवण्याची किल्ली, म्हणजे गुप्त संकेत, एक्सचेंजकडे, म्हणजे ॲप चालवणाऱ्या कंपनीकडे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्सचेंजवर सायबर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो गेली आणि त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ ग्राहकांना आपली उरलेली नाणीही काढता आली नाहीत. नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे जिची किल्ली आपल्याकडे असते अशा डिजिटल तिजोरीत, हलवता येतात का, असे मी ग्राहक सेवेला विचारले. तीन दिवसांनी आलेल्या उत्तरात माझ्या प्रश्नाचा उल्लेखही नव्हता.

वापरातील सुलभतेसाठी चार तारे, पारदर्शकतेसाठी दीड. ज्यांना प्रयोग करायचाच आहे त्यांनी कंपनीची एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे) नोंदणी आहे की नाही ते आधी पाहावे, आणि निवृत्तीचे पैसे किंवा कर्जाची रक्कम येथे आणू नये. मी खाते अजून बंद केलेले नाही. व्यवहारांचा तक्ता आधी संगणकावर उतरवून घ्यायचा आहे, कारण खाते बंद केल्यावर तो मिळेल की नाही, याचेही उत्तर ग्राहक सेवेने दिलेले नाही.