तंबू, धबधबा की गरम पाण्याचं कुंड? भंडारदरा, संगमेश्वर आणि कुल्लू यांतलं काय निवडावं

डोंगरात तंबूत एक रात्र काढायची, सकाळी धबधबा बघायचा आणि परतताना गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकून घ्यायचं, हा बेत कागदावर फार छान दिसतो. महाराष्ट्रात तो एका फेरीत नीट जमत नाही. धबधबा जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत. तंबू ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कुंडातलं पाणी बारा महिने गरमच असतं, पण त्यात उतरावंसं वाटतं ते थंडीत. मे महिन्यात कोकणातल्या कुंडात शिरणाऱ्याला आपला लांबूनच नमस्कार.

ऋतूंबरोबर जागाही आड येते. आपल्याकडचे बहुतेक गरम झरे घाटाखाली, कोकणपट्टीत आहेत. पालघर-ठाण्यापासून रायगड, दापोली, संगमेश्वर करत राजापूरपर्यंत त्यांची उभी रांग लागते. ज्वालामुखीशी त्यांचा संबंध नाही. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. खानदेशातलं उनपदेव किंवा किनवटकडचं उनकेश्वर असे अपवाद सोडले, तर घाटमाथ्यावर तंबू ठोकून शेजारीच गरम कुंड मिळणं कठीण. मग कोणी ‘कॅम्पिंग, वॉटरफॉल आणि हॉट स्प्रिंग, दोन दिवस एक रात्र’ असं पॅकेज विकत असेल, तर त्यातला निम्मा वेळ गाडीत जाणार हे धरून चाला.

म्हणून कुठे जायचं याच्या आधी, तिघांतलं काय सोडायची तयारी आहे ते ठरवा. धबधबा आणि तंबूवर भागणार असेल तर भंडारदरा. गरम पाणी मुख्य आणि धबधबा जोडीला चालणार असेल तर संगमेश्वर तालुका. तिन्ही हवंच असा हट्ट असेल तर थेट हिमाचल, कुल्लू जिल्हा.

धबधबे

भंडारदऱ्याचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. घाटघर हे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक. जुलै-ऑगस्टमध्ये शेंडी ते रतनवाडी या रस्त्यावर उजवी-डावीकडे इतके ओहोळ कोसळत असतात की नावं विचारण्यात अर्थ नसतो. पण ज्याच्यासाठी लोक मुद्दाम येतात तो रंधा धबधबा प्रवरेवर, विल्सन धरणाच्या खाली आहे. धरण १९२६ साली पूर्ण झालं, आणि तेव्हापासून रंध्याचा जोर बराचसा वरून किती पाणी सोडतात यावर ठरतो. आठवडाभर धो धो पाऊस झाला म्हणजे रंधा भरून वाहत असेलच असं नाही. धरण भरायचं राहिलं असेल तर पाणी आधी तिथेच अडणार. अंब्रेला फॉलचंही तेच. धरणातून पाणी सोडलं तर तो आहे, नाही तर नुसता खडक. तेव्हा सुट्टी टाकण्याआधी पावसाच्या अंदाजापेक्षा धरणाची पातळी बघा. पावसाळ्यात नगर आणि नाशिकच्या स्थानिक बातम्यांत ती बहुतेक रोज येते.

संगमेश्वरकडचा धबधबा म्हणजे मार्लेश्वरचा धारेश्वर. देवरुखच्या पुढे मारळ गाव, तिथून पायऱ्या चढून वर गेलं की गुहेत महादेव आणि समोर कड्यावरून पडणारं पाणी. पायऱ्या शेकड्यांनी आहेत. गुडघे दुखणाऱ्या आजीला वर न्यायचं असेल तर मध्ये दोन-तीनदा बसवावं लागेल. गुहेत सापांचा वावर असतो असं तिथले सगळेच सांगतात आणि ते सांगण्यात कोणाला फारसं वावगं वाटत नाही. मकरसंक्रांतीला इथे मार्लेश्वर आणि गिरिजादेवीचं लग्न लागतं. तेव्हा गर्दी इतकी, की निवांत सहलीसाठी तो दिवस टाळावा. यात्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी. थंडीत धारेश्वरची धार बारीक होते, तरी जागा देखणीच राहते.

मनालीजवळच्या जोगिनी धबधब्याचा हिशोब निराळा. वसिष्ठ गावातून सफरचंदाच्या बागांमधून चालत तासाभरात त्याच्या पायथ्याशी पोचता येतं. त्याला पाणी मिळतं ते बरंचसं वितळणाऱ्या बर्फाचं, त्यामुळे आपल्याकडे सगळं कोरडं ठाक असतं त्या मे-जूनमध्ये तो जोरात असतो. तंबू, धबधबा आणि गरम कुंड यांचा एकच मोसम जुळतो तो यामुळे.

धबधब्याखाली भिजायचं की नाही, याबद्दल मी कडक आहे. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढलं ते बघता बघता. आपण उभे असतो तिथे ऊन असलं तरी वर पाणलोटात पाऊस पडला की लोंढा येतो. त्यानंतर पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी प्रशासन बंदीचे आदेश काढतं. ते आले की पोलिसांशी हुज्जत घालण्यापेक्षा बेत बदलावा. भंडारदऱ्याजवळची, साम्रदची सांदण दरी तर पावसाळ्यात पूर्ण वर्ज्य. तिचा अरुंद तळ म्हणजे पाण्याची वाटच आहे.

तंबू

इथे भंडारदरा सरळ जिंकतं. जलाशयाच्या काठाने शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर या गावांमध्ये लोकांनी आपल्या शेतांत तंबू लावलेत. रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे आणि चहा धरून माणशी साधारण हजार ते दीड हजार पडतात, शनिवारी थोडे जास्त. जेवण चुलीवरचं असतं, चिकनचा रस्सा तिखट असतो, आणि भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. समोर पाणी, मागे रतनगड किंवा कळसूबाईची रांग. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर. बारी गावातून पहाटे चढायचं असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम इथेच सोयीचा. डिसेंबर-जानेवारीत रात्री खरी थंडी पडते. तिथे मिळणाऱ्या रजईवर विसंबू नका, आपली एक शाल किंवा स्लीपिंग बॅग बरोबर ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र इथे तंबूत झोपायचा हट्ट धरू नये. वारा तंबू उभा राहू देत नाही. बरेच जण मग पत्र्याच्या शेडखाली किंवा ओटीवर तंबू लावतात, आणि तसं झोपायचं तर सरळ घरातल्या खोलीत झोपलेलं काय वाईट? मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंतचे जे थोडे दिवस असतात, ते काजव्यांचे. हिरडा, बेहडा, जांभूळ यांसारखी झाडंच्या झाडं एका लयीत उजळतात. पण त्या दिवसांत शनिवारी गाड्यांची रांग लागते आणि हेडलाइटपुढे काजवे दिसत नाहीत. जायचं तर मधल्या वारी जा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं, आणि काजव्यांच्या दिवसांत वनखातं रात्रीच्या वेळांवर निर्बंध घालतं.

बुक करताना फोटो बघू नका. सगळ्यांचे फोटो सारखेच असतात. तीन गोष्टी फोनवर विचारा: संडास किती माणसांत एक, स्पीकर किती वाजता बंद होतो, आणि तंबू पाण्यापासून किती लांब आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ असं आलं तर शेजारच्या तंबूतले लोकही तेच म्हणणार आहेत.

संगमेश्वरकडे तंबूच्या भानगडीत पडू नका. हवा दमट, जमीन ओलसर, आणि घरगुती मुक्काम इतका चांगला मिळतो की तंबू घेण्याचं काही कारणच राहत नाही. देवरुखला किंवा महामार्गाच्या आसपास राहायचं, कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी खायची.

कुल्लूमध्ये तंबू जागोजाग आहेत. पण पार्वती खोऱ्यात खीरगंगेला, म्हणजे डोंगरावरच्या गरम कुंडाशी, तंबू मिळेलच हे गृहीत धरू नका. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वनखात्याने तिथले बेकायदा तंबू उठवले होते. तेव्हा निघण्याआधी सध्या कुठे परवानगी आहे ते चढण जिथून सुरू होते त्या बरशैणीत विचारून घ्या. नदीच्या अगदी काठावरचा तंबू मात्र कितीही स्वस्त असला तरी नको. २०२३ च्या जुलैत बियास आणि तिच्या उपनद्यांनी काठावरचे रस्ते, हॉटेलं, गाड्या कशा ओढून नेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. जुलै-ऑगस्ट तिकडे जायचंच नाही.

गरम पाणी

संगमेश्वर तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गाला धरून तीन जागा आहेत: आरवली, तुरळ आणि राजवाडी. आरवलीचं पाणी अंगाला सोसवेल असं, तुरळचं बरंच कडक. मला यातली राजवाडी आवडते. महामार्गाचा कलकलाट मागे राहतो आणि कुंडाजवळच सोमेश्वराचं जुनं, लाकडी कोरीवकामाचं देऊळ आहे. आंघोळ करून ओल्या केसांनी त्या सभामंडपात बसायचं. दापोलीकडे वळणार असाल तर उन्हवरे लक्षात ठेवा, पण तिथलं झऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे उगमाशी हात घालायचा नाही.

स्वच्छता आणि आडोसा या दोन गोष्टींवर कोकणातली कुंडं मार खातात. काही ठिकाणी बायकांसाठी वेगळी, बंद जागा आहे, पण तिचं दार लागेल का हे तिथे गेल्यावरच कळतं. साबण-शांपूच्या रिकाम्या पुड्याही दिसतात. सकाळी सातच्या आत पोचलात तर यातलं निम्मं टळतं.

हिमाचलात वसिष्ठला देवळाच्या आवारातच पुरुषांची आणि बायकांची कुंडं वेगळी बांधलेली आहेत. घरातल्या चार पिढ्यांना घेऊन जायचं तर हीच जागा. पाण्याला गंधकाचा वास येतो. अंगावरची चांदी आधी काढून ठेवा, नाही तर काळी पडते. मणिकरणचं पाणी याहून खूप तापलेलं, जवळजवळ उकळतं. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात-डाळ त्या पाण्यात शिजवतात. आंघोळीची कुंडं वेगळी, थंड पाणी मिसळून सोसवेल अशी केलेली आहेत.

आणि खीरगंगा. बरशैणीहून साधारण १२ किलोमीटरची चढण, वाटेत रुद्रनागचा धबधबा, आणि तीन हजार मीटरच्या जरा खाली, गवताळ उतारावर उघड्या आभाळाखालचं कुंड. समोर बर्फाचे डोंगर, बाहेर दात वाजवणारी थंडी आणि मानेपर्यंत गरम पाणी. चार-पाच तास चालून थकलेल्या पायांना ते पाणी लागतं तेव्हा राजवाडी काय आणि वसिष्ठ काय, तुलनाच संपते. पण हे चालणाऱ्यांसाठी आहे. मुलं दहाच्या आतली असतील किंवा बरोबर कोणाला दम लागत असेल, तर खीरगंगेचं नाव घरी काढूच नका. वसिष्ठ आणि जोगिनी मिळून तेच सुख बऱ्यापैकी देतात.

कुंड कुठलंही असो, एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. त्वचारोग बरा होतो वगैरे ऐकायला मिळेल. अंग मोकळं होतं एवढं मी नक्की सांगेन.

प्रवास आणि खर्च

मुंबईहून कसारा घाट, घोटीमार्गे भंडारदरा चार-पाच तासांत होतं. गाडी नसेल तर इगतपुरीपर्यंत रेल्वे आणि पुढे जीप. पुण्याहून संगमनेर-अकोलेमार्गे. संगमेश्वरला कोकण रेल्वेने जावं, स्टेशन संगमेश्वर रोड, पुढे रिक्षा ठरवावी. महामार्गाचं काम इतकी वर्षं चाललंय की रस्त्याने येण्याचा सल्ला द्यायला धीर होत नाही. दोन्हीकडे दोन रात्रींचा खर्च माणशी पाच हजारांच्या आत बसवता येतो.

कुल्लूला चंडीगडपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून मनालीला रस्त्याने साधारण तीनशे किलोमीटर. खीरगंगा धरायची तर त्याआधी भुंतरला उतरायचं. जाण्यायेण्यातच दोन-तीन दिवस जातात, त्यामुळे आठवड्याची रजा नसेल तर तो विषय काढू नये. मे-जूनमध्ये धबधबे जोरात, पण मनालीत गाडी हलत नाही. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर हवा स्वच्छ, गर्दी कमी, पाणी थोडं उतरलेलं. मला विचाराल तर ऑक्टोबर.

याच दिवसांत, म्हणजे सप्टेंबर अखेर ते दसरा, सह्याद्रीतही एक छोटी फट मिळते. भंडारदऱ्याला ओढे अजून वाहत असतात, रानफुलं असतात आणि रात्री तंबूत झोपता येतं. गरम पाणी नाही, पण इतर दोन्ही एकत्र मिळण्याची ही वेळ.

आणि यातलं काहीच नको, एक रविवार हाताशी आहे, असं असेल तर मुंबईकरांनी वज्रेश्वरीला जावं. तानसा नदीकाठी अकलोली आणि गणेशपुरीची कुंडं आहेत, देवीचं देऊळ चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसईच्या विजयानंतर बांधलेलं. विरारहून एसटी मिळते, दुपारी जेवायला घरी परतता येतं. फक्त रविवारी सकाळी नऊनंतर कुंडात पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात, तेव्हा पहिली लोकल पकडा.